नऊ पायऱ्यांचा ढग

आकाश कोणाच्या बापाचं नाही, हे माणसाने आजवर उच्चारलेलं सर्वांत मोठं सत्य आहे. राजे आले आणि गेले, सरहद्दी आखल्या गेल्या आणि पुसल्या गेल्या, पण वर बोट दाखवून ‘हे माझं’ म्हणायची छाती कोणाची झाली नाही. गेल्या मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता पाण्याच्या टाकीवर, जरा डावीकडे, जो ढग आला होता, तो मात्र निरीक्षकांचा होता आणि तो कोणीतरी चोरला होता.

“ढग चोरला?” बायकोने विचारलं. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि तिच्या तोंडात दोन चिमटे होते, त्यामुळे प्रश्नाला हवी तेवढी धार आली नाही.

“ढग नाही. ढगाचं वर्णन.”

“म्हणजे ढग आहे जागेवर.”

“ढग जागेवर राहत नसतो.”

“तेच म्हणते मी.” तिने चिमटे काढून एका चादरीला लावले. “जो मुळात जागेवर राहतच नाही, तो चोरीला गेला हे तुम्हाला कळलं कसं?”

ती तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. तिच्याशी बोलताना निरीक्षकांना नेहमी आपण फळ्यासमोर उभे आहोत असं वाटायचं.

निरीक्षकांनी चौतीस वर्षं हवामान कार्यालयात काढली. दर तीन तासांनी मोकळ्या आवारात जायचं, मान वर करायची, मनातल्या मनात आकाशाचे आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकलेत ते नोंदवहीत लिहायचं. तीन भाग. पाच भाग. आठपैकी आठ, म्हणजे सगळंच गेलं. शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना असे, दोन बोटं रुंदीचा. त्यात फार तर ‘विरळ’ बसायचं, ‘विरळ आणि उदास’ बसायचं नाही. चौतीस वर्षं निरीक्षकांचा जीव त्या दोन बोटांत अडकून होता. त्यांचं एकच व्रत होतं: जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. एका सहकाऱ्याने एकदा खुर्चीवरून न उठता ‘निरभ्र’ असं लिहिलं आणि बाहेर बुरबुर चालू होती. निरीक्षक त्याच्याशी सात महिने बोलले नाहीत. पुढे बोलले ते त्याच्या निरोपाचं भाषण यांच्याच गळ्यात पडलं म्हणून.

निवृत्तीनंतर वाचनालयातल्या दहा दिवसांच्या वर्गात ते वेबसाइट करायला शिकले. वर्गात अकरा जण होते. एका बाईने नवऱ्याच्या कवितांची साइट केली, जी नवऱ्याला अजून माहीत नाही. निरीक्षकांनी केली ‘आजचं आकाश’. खरं म्हणजे तो शेऱ्याचा रकानाच होता, फक्त आता त्याला भिंती नव्हत्या. रोज चार वाजता लोखंडी खुर्ची घेऊन गच्चीवर जायचं, वर बघायचं, आणि खाली येऊन लिहायचं:

‘पश्चिमेकडे तीन भाग. धुतलेल्या पण न पिळलेल्या उशीसारखा एक ढग टाकीवर येऊन टेकला. त्याला कुठे जायची घाई नव्हती. मलाही नव्हती. आम्ही एकमेकांना वीस मिनिटं दिली.’

खाली नाव नाही. नोंदीखाली निरीक्षकाचं नाव लिहायची पद्धतच नाही. आकाश काय आहे ते महत्त्वाचं, कोण बघतोय ते नाही. साइटवर किती माणसं आली ते मोजणारा एक आकडा होता. तो रोज अकरापर्यंत जायचा. त्यातले सात वेळा निरीक्षक स्वतः, आकडा वाढला का ते बघायला आलेले.

पण एक वाचक पक्का होता, आणि खरं सांगायचं तर बाकी सगळा खटाटोप त्या एकासाठीच होता. ती म्हणजे अक्का, निरीक्षकांची थोरली बहीण. चार तासांच्या अंतरावर, दुसऱ्या गावात, मुलाकडे राहायची. सव्वादोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली. आधी कडा गेल्या, मग मधलं. ज्या महिन्यात डॉक्टरांनी हात टेकले त्याच महिन्यात ‘आजचं आकाश’ सुरू झालं. संध्याकाळी तिची सून तिला ते वाचून दाखवायची. निरीक्षकांना वाटायचं, ही परतफेड आहे.

कारण पाच वर्षांचे असताना त्यांना गोवर झाला होता. नुकत्याच भाड्याने घेतलेल्या घरातली मागची खोली, डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून खिडकीवर जाड चादर खिळ्यांनी ठोकलेली. अठ्ठावीस दिवस. बारा वर्षांची अक्का रोज त्या चादरीचा एक कोपरा उचलायची, डोकं आत घालायची आणि बाहेरचं आकाश सांगायची. आज एक हत्ती आलाय. बसलाय. उठेना. आज एक जहाज आहे, त्याच्या दोरीवर कोणीतरी कपडे वाळत घातलेत. निरीक्षक अंथरुणावर पडल्यापडल्या डोळे मिटून बघायचे. बरे झाल्यावर लगेच ते घर सुटलं. पण ‘ढगोबा’ हे नाव अक्काने तेव्हा ठेवलं ते चिकटलं, आणि पुढे पोटापाण्याचा प्रश्न आला तेव्हा हवामान कार्यालयाच्या अर्जावर त्यांची सही आपोआप झाली. निरोप समारंभात त्यांनी ही गोष्ट दोनशे लोकांना सांगितली होती. सगळ्यांचे डोळे पाणावले होते. अक्का पहिल्या रांगेत होती.

तर त्या मंगळवारी संध्याकाळी अक्काचा फोन आला.

“ढगोबा, तुझं हल्ली फार सुधारलंय रे. आवाज कोणाचा घेतलास?”

“कसला आवाज?”

“असं काय करतोस. पंधरा दिवस ऐकतेय मी. सुनेला आता वाचावं लागत नाही, फोन आपणहून बोलतो. काय भारदस्त माणूस आहे.”

निरीक्षकांनी सुनेकडून पत्ता घेतला आणि साइट उघडली. तिचं नाव होतं ‘आकाश-उद्घोषणा’. आधी ‘टिंग-टाँग’ वाजलं. मग पितळी घागरीत बोलावं तसा एक आवाज आला:

“कृपया इकडे लक्ष द्या. पश्चिमेकडून येणारा, धुतलेल्या पण न पिळलेल्या उशीसारखा ढग टाकीवर दाखल झाला आहे. हा ढग इथे वीस मिनिटं थांबेल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

खाली आकडा होता: चार हजार दोनशे सहा.

मागची नोंद, त्याच्या मागची, सगळ्या तिथे होत्या. निरीक्षकांच्या अंगात दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. एक म्हणजे तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरी म्हणजे तो उशीसारखा ढग पुन्हा डोळ्यांसमोर आला, अगदी ओला, आणि वीस मिनिटं हललाच नाही. दुसरी गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही.

“अक्का, तो चोर आहे,” त्यांनी परत फोन करून सांगितलं. “माझं उचलून स्वतःचं म्हणून वाचतो.”

“असेल,” अक्का म्हणाली. “पण तुझं वाचून घेताना वाटतं, ढग येऊन गेला. त्याचं ऐकताना वाटतं, येतोय.”

हे लागलं. चार हजारांचं काही नव्हतं, ते कोण कुठले. पण अक्का त्या गाडीत बसून गेली म्हणजे इथे फलाटावर उरलं काय? निरीक्षकांनी स्वतःच्या आवाजात वाचायचा प्रयत्न केला. बायकोला ऐकवलं.

“कसं वाटतं?”

“ढगाला पेन्शन मंजूर झाल्यासारखं.”

मग तिलाच दया आली. ओले हात पदराला पुसत ती समोर बसली. “हे बघा, वर्गात दोन मुलांचं गणित बरोबर आलं तर कोणी कोणाचं बघून लिहिलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. चोर सापडतो तो चुकीच्या उत्तरात. चूक ज्याची त्याची असते.”

“म्हणजे?”

“म्हणजे एक दिवस चुकीचं आकाश लिहा. न आलेला ढग. त्याने तो वाचला की पकडलाच.”

निरीक्षकांना घाम फुटला. चौतीस वर्षं आणि वर आठशे एकवीस दिवस, एकही खोटी नोंद नाही. ते शुक्रवारी चार वाजता गच्चीवर गेले. आकाश लख्ख रिकामं होतं, आठपैकी शून्य. खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले, कारण उघड्या डोळ्यांनी खोटं बोलणं त्यांना जमेना. टाकीत पाणी पडत होतं. खालच्या गल्लीत कोणीतरी सायकलचं चाक हवेत फिरवून बघत होतं, त्याची किरकिर एका लयीत वर येत होती. ऊन पापण्यांवर बसलं, लाल झालं, मग नारिंगी, आणि त्या नारिंगीत हळूहळू काहीतरी जमू लागलं. निरीक्षकांनी काही केलं नाही. ते आलं. खाली येऊन त्यांनी लिहिलं:

‘पूर्वेकडून नऊ पायऱ्यांचा एक ढग आला. वाऱ्याच्या उलट. प्रत्येक घरावर जरा थांबत, कोणी वर येतंय का बघत. कडा हिरवट. सर्वांत वरच्या पायरीवर कोणीतरी चपला काढून आत गेल्यासारखे दोन लहान पुंजके. दार दिसलं नाही.’

पाठवलं, आणि ताप आलेल्या माणसासारखे पांघरूण घेऊन पडले.

सहा वाजता टिंग-टाँग वाजलं. “कृपया इकडे लक्ष द्या. पूर्वेकडून येणारा नऊ पायऱ्यांचा ढग वाऱ्याच्या उलट दिशेने दाखल होत आहे. हा ढग प्रत्येक घरावर थांबेल. चढणाऱ्यांनी चपला वरच्या पायरीवर काढाव्यात.”

“पकडला,” बायको म्हणाली.

पकडला खरा. पण सकाळी त्या पानाखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली होती. एका शिंप्याने लिहिलं, ढग आम्हाला दिसला, पण पायऱ्या सातच मोजता आल्या, पुढे गिऱ्हाईक आलं. एका परिचारिकेने लिहिलं, आठ नक्की, नववी इस्पितळाच्या इमारतीमागे गेली. तिसऱ्याने लिहिलं, आमच्याकडे पोहोचेपर्यंत चपला नव्हत्या, जो आत गेला होता तो घरी गेला असावा. असे एकशे चाळीस साक्षीदार. निरीक्षक प्रत्येकाचं वाचत गेले आणि त्यांना पहिल्यांदाच शंका आली की डोळे मिटले होते म्हणून आपलंच बघायचं राहून गेलं असेल.

मग सुनेचा फोन. “मामा, काय जादू केलीत? आई काल गॅलरीत जाऊन बसल्या. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा. मान वर करून. म्हणतात, येऊन गेला. पुन्हा कधी आहे ते विचारून ठेव.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं, मामांना विचारते.”

दुपारी निरीक्षकांनी तक्रारीचा अर्ज काढला. ज्या कंपनीच्या आसऱ्याला ती दुसरी साइट होती, तिने असा एक अर्ज ठेवला होता, चार पानी. बायकोने चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. पाच कलमं सुरळीत गेली. सहावं असं होतं: ‘चोरीस गेलेला मजकूर हे वस्तुस्थितीचं वर्णन आहे की आपली स्वतःची कल्पना? वस्तुस्थितीवर कोणाचीही मालकी नसते.’

“अहो,” ती म्हणाली, “आठशे एकवीस गेले.”

“काय?”

“ढग. खरे सगळे गेले. खरं आकाश वस्तुस्थितीत मोडतं. तुमच्या मालकीचा असा एकच निघतो.” तिने चष्म्यावरून पाहिलं. “खोटा.”

सातवं कलम त्याहून वाईट होतं. ‘आपलं उत्तर संबंधित पानावर सर्वांच्या माहितीसाठी प्रसिद्ध केलं जाईल.’

निरीक्षकांनी हिशोब केला. सही केली की पानावर येणार: नऊ पायऱ्यांचा ढग कधीच आला नव्हता, तो मी रचला. आणि तो उद्घोषक, त्याच्या त्या घागरीतल्या आवाजात, ते वाचून दाखवणार. टिंग-टाँग. अक्का गॅलरीत, मान वर.

अर्ज घडी घालून त्यांनी खिशात ठेवला आणि दुसऱ्या साइटवर चौकशीसाठी दिलेला नंबर फिरवला. चोराचा आवाज घरी तरी पातळ असेल असं त्यांना वाटलं होतं.

“नमस्कार, चौकशी खिडकी,” घागर म्हणाली. “कुठे जायचंय आपल्याला?”

“मला कुठे जायचं नाही. तुम्ही आकाशाच्या सूचना वाचता, त्या माझ्या आहेत.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग, आदराने: “म्हणजे साहेब, आपण खात्यातले.”

“कोणत्या खात्यातला?”

“आकाश.”

निरीक्षकांनी खुर्ची ओढून घेतली. पलीकडचा माणूस सावकाश सांगत होता. अडतीस वर्षं बसस्थानकावर उद्घोषक. काचेच्या फटीतून चिठ्ठी आत यायची, तो वाचायचा. गाडी सुटली, गाडी चुकली, पोरगं हरवलंय, पाकीट सापडलंय. एकदा एका वधूपित्याने लग्न मोडल्याची चिठ्ठी सरकवली, तीही वाचली, फलाटासकट. “चिठ्ठी कोणाची हे आपण विचारायचं नसतं, साहेब. खाली नाव नसायचंच. आपल्या सूचनेखालीही नाव नव्हतं. मला वाटलं, सरकारी आहे. आणि बघतो तर वाचणारे अकरा. सूचना अकरा जणांनी वाचायची म्हणजे गाडी रिकामी सोडल्यासारखं. मला झोप लागेना.”

“ही चोरी आहे,” निरीक्षक म्हणाले, पण वाक्याच्या मध्येच त्यातली हवा गेली.

“असेल साहेब. आपण म्हणाल तर उद्यापासून बंद. फक्त रद्द झाल्याची घोषणा एकदा करावी लागेल. मी आयुष्यात न सांगता गाडी रद्द केलेली नाही. लोक वाट बघत बसतात हो.” मग जरा खालच्या पट्टीत: “एक विचारू? तो नऊ पायऱ्यांचा पुन्हा कधी आहे? एक आजीबाई कालपासून तीनदा फोन करवून झाल्या सुनेकडून. दिसत नाही त्यांना.”

निरीक्षक भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिले. त्या खिळ्याला काहीच टांगलेलं नव्हतं.

“सोमवारपर्यंत थांबा,” ते म्हणाले.

“सोमवारपर्यंत विलंब,” पलीकडे पेन्सिलीचा आवाज झाला.

सोमवारी निरीक्षक अक्काच्या गावच्या बसमध्ये बसले. आधी तिला स्वतः सांगायचं, मग अर्जावर सही, असं त्यांनी ठरवलं होतं. खोटी नोंद ज्याने केली त्याने ती खोडायला स्वतः जावं. बायकोने निघताना फक्त एवढंच म्हटलं, “छत्री न्या.” आकाशात दोन भागही नव्हते, पण तिने सांगितलं म्हणून त्यांनी नेली.

खिडकीची काच गरम होती. त्यावर डोकं टेकलं आणि रस्ता मऊ झाला. ते पायऱ्या चढत होते, काखेत नोंदवही. पायऱ्या पायाखाली उशीसारख्या दबत आणि पाऊल उचललं की पुन्हा फुगत. तिसऱ्या पायरीवर शिंपी बसला होता, त्याने मान न उचलता ‘सात’ असं सांगितलं. सहाव्यावर परिचारिका कोणाची तरी नाडी बघत होती. खाली घरं वाळत घातलेल्या रुमालांएवढी. वरच्या पायरीवर चपला होत्या. निरीक्षक वाकले. लहान मुलीच्या मापाच्या, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि सेफ्टी पिनेने धरलेला. ही पिन आपण कुठेतरी पाहिली आहे, असं त्यांना वाटलं, एवढ्यात बसने ब्रेक मारला आणि शेजारच्या गृहस्थांनी त्यांचं डोकं आपल्या खांद्यावरून सौजन्याने उचलून परत दिलं.

अक्काची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीला लागून पलंग, उशाशी रेडिओ, खिडकीच्या कट्ट्यावर बरणीला टेकून उभा केलेला फोन. सून कामाला निघाली होती. “मामा, चहा झाकून ठेवलाय. यांना दोन वेळा झाला, तिसऱ्यांदा मागितला तर ऐकू नका,” असं सांगून ती गेली.

“छत्री आणलीस,” अक्का म्हणाली. “ठक ठक आली जिन्यावरून. तुझ्या बायकोने दिली असणार.”

“अक्का, एक सांगायचंय.”

“आधी बस. उभा राहून बोललास की तार आल्यासारखं वाटतं.”

ते बसले. बरेच इकडचेतिकडचे विषय झाले. अक्काच्या मुलाची बदली झाली, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याची झाली नाही. साडेपाच वाजले. शेवटी निरीक्षकांनी डोळे मिटले, कारण तसंच त्यांना जमायचं.

“तो नऊ पायऱ्यांचा ढग.”

“हां. पुन्हा कधी आहे?”

“तो नव्हताच.”

अक्काची बोटं चादरीच्या शिवणीवरून पुढे गेली, परत आली. “चपला?”

“चपलाही नव्हत्या.”

“दोन्ही?”

“दोन्ही.” मग त्यांनी सगळं सांगितलं: उशीसारखा ढग, बायकोचं चुकीचं उत्तर, सहावं कलम, सातवं कलम. “चौतीस वर्षांत एक खोटी नोंद नाही, अक्का. पहिली केली ती नेमकी तुझ्यापर्यंत गेली. तू गॅलरीत जाऊन बसलीस.”

अक्काचे खांदे हलत होते. निरीक्षक घाबरून उठले, मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसते आहे.

“ढगोबा, ती गोवराची खोली आठवते?”

“न आठवायला काय झालं.”

“त्या खिडकीबाहेर काय होतं, सांग.”

“आकाश.”

“भिंत. शेजारच्या गोदामाची. हात लांब केला तर हाताला लागायची. मान मोडून वर बघितलं तर पन्हळ दिसायची, बस.”

निरीक्षक पुन्हा बसले. जुन्या सवयीने त्यांच्या मनात नोंद उमटली: आठपैकी आठ भाग, भिंत.

“मग तो हत्ती?”

“तू रडत होतास. आणि मला शाळेत जायचं नव्हतं.”

“निरोपाला दोनशे लोकांना सांगितलं मी हे.”

“होते ना मी पहिल्या रांगेत. म्हटलं, आता काय बोलायचं. टाळ्या वाजवल्या.” तिने हात पुढे करून त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं. “आणि तो जिना तू रचला नाहीस. पायऱ्या माझ्या आहेत. सव्विसाव्या दिवशी सांगितला होता तुला. एकशे चार ताप होता तुझ्या अंगात, आई बाहेर रडत होती. मी म्हटलं, बघ, जिना आलाय, घरोघर थांबतोय. तू विचारलंस, वर कोण गेलं? मी म्हटलं, कोण जाणार, मीच जाऊन आले, काही नाहीये वर, तू जायची गरज नाही. चपला विसरले तेवढ्या.”

“डाव्या चपलेला सेफ्टी पिन,” निरीक्षक म्हणाले.

“तेच. मला पहिल्या वाक्याला कळलं कोणाचा ढग आहे तो. अठ्ठावन्न वर्षांनी माझा ढग परत येतोय आणि मी घरात बसू? तुझ्या लक्षात आहे का, तेच बघायला रोज विचारायला लावत होते त्या माणसाला.”

खिशातला अर्ज कुरकुरला. जी एक गोष्ट छातीवर हात ठेवून आपली म्हणावी, तीही हिची निघाली होती. निरीक्षकांना वाटलं होतं, हे कळल्यावर माणूस कोसळत असेल. त्याऐवजी त्यांना नऊ पायऱ्या खाली उतरून सपाट जमिनीवर आल्यासारखं हलकं वाटत होतं.

“तो कागद कसला वाजतोय?”

“काही नाही. एका बाजूने कोरा आहे.”

तेवढ्यात कट्ट्यावरच्या फोनने टिंग-टाँग केलं. सहा वाजले होते, आणि आज प्रवासामुळे निरीक्षकांनी काही लिहिलंच नव्हतं.

“कृपया इकडे लक्ष द्या,” घागर म्हणाली. “आजचं आकाश काही कारणाने उशिरा येत आहे. सर्वांनी आपापल्या जागी थांबावं. आलं की कळवण्यात येईल.”

चार हजार माणसं आपापल्या गच्च्यांवर, पायऱ्यांवर, दुकानांच्या दारांत मान वर करून थांबली आहेत आणि त्यांच्या वर काहीच नाही, असं निरीक्षकांना क्षणभर स्पष्ट दिसलं.

“सांग काहीतरी,” अक्का म्हणाली. “लोक खोळंबलेत.”

निरीक्षकांनी खिडकीची दोन्ही दारं उघडली. समोर उंच इमारत, तिच्या आणि शेजारच्या गच्चीच्या मध्ये हातभर आकाश, अबोलीच्या रंगाचं. त्यांनी अर्ज उलटा करून मांडीवर घेतला. खरं लिहायचं की दुसरं, हे त्यांना ठरवता येईना, आणि पहिल्यांदाच त्याची घाईही वाटेना. एक लहानसा ढग त्या फटीतून वाट काढत येत होता, अंग चोरून, गर्दीत शिरणाऱ्या पाहुण्यासारखा. निदान त्यांना तसं वाटलं.

“आलाय,” ते म्हणाले.

“कसा आहे?”

“सांगतो. पण खाली नाव कोणाचं घालायचं, अक्का? माझं, तुझं की त्याचं?”

अक्काने चेहरा खिडकीकडे वळवला. बराच वेळ ती तशीच राहिली, सगळं आकाश ओंजळीत धरून कोणाला द्यावं ते ठरवत असल्यासारखी.

“ते बघू मागाहून,” ती म्हणाली. “आधी ती खिडकी लाव बरं. डास येतात.”